मधमाशा आणि म्युनिसिपालिटी

मोहोळ हा शब्द कानावर पडला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें रान उभें राहतें. कड्याच्या पोटाला लटकलेलें आग्या माशांचें काळेंभोर पोळें, खालीं धूर करणारा व वर दोराला लोंबकळणारा कोणी रानचा माणूस, आणि शेवटीं बाटलींत भरून दाराशीं आलेला, खरा मध कीं गुळाचा पाक असा संशय घेत घेतच विकत घेतलेला तो पदार्थ, एवढाच आमचा आणि मधमाशीचा पिढीजात संबंध. आमच्या भाषेंत मोहोळ उठतें, त्याला धोंडा मारणारा मूर्ख ठरतो, आणि लबाड मनुष्य दुसऱ्याला मधाचें बोट लावतो. परंतु गाय किंवा कोंबडी यांप्रमाणें मधमाशी ही घरच्या परसांत पाळण्याची गोष्ट आहे, तिच्यापायीं शेजाऱ्यांचे कांहीं हक्क उत्पन्न होतात, आणि ते हक्क कागदावर मांडण्यासाठीं म्युनिसिपालिटीला रात्रीं नऊ नऊ वाजेपर्यंत बसावें लागतें, ही कल्पना आपल्या बहुतेक सुशिक्षित कुटुंबांस अपरिचित आहे. आम्हांसही ती गेल्या वर्षापर्यंत अपरिचितच होती.

गेल्या वर्षीं साठलेली रजा घेऊन आम्ही उभयतां अमेरिकेंत आमच्या कन्येकडे कांहीं महिने राहिलों. गांव लहान; त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. एके दिवशीं टपालानें तेथील नगरसभेच्या कचेरीचें एक पत्र आलें. आपल्या हद्दीस लागून राहणाऱ्या अमुक गृहस्थांनीं परसांत मधमाशांच्या दोन पेट्या ठेवण्याचा परवाना मागितला आहे. आपली हरकत असल्यास तीस दिवसांचे आंत लेखी कळवावी. घरांतील कोणास मधमाशीच्या दंशापासून जिवास धोका असल्यास डॉक्टरचा दाखला जोडावा, म्हणजे परवाना रोखून ठेवण्यांत येईल, असा त्या पत्राचा आशय. सोबत उपनियमांची दोन पानें जोडलेलीं होतीं. म्युनिसिपालिटीचे नियम कोणी हौसेनें वाचीत नाहीं; पण परदेशांत पाहुणा म्हणून राहणाऱ्या प्राध्यापकाला दुपारीं काम तें काय असणार? आम्हीं तीं दोन्ही पानें सावकाश वाचलीं आणि आम्हांला त्यांची गोडी लागली.

वरवर पाहतां ते नियम चमत्कारिक वाटतात. पाव एकरापेक्षां लहान जागेंत दोनच पेट्या असाव्यात. पेटी हद्दीपासून दहा फूट आंत असावी. पेटीचें तोंड शेजाऱ्याकडे असल्यास मध्यें सहा फूट उंचीचें भरीव कुंपण अथवा दाट झुडुपें असावींत. पेटीजवळ वर्षाचे सर्व उबदार महिने पाणी भरलेलें असावें. माशीला कुंपणाची काय मातब्बरी, असें प्रथम आमच्या मनांत आलें. माशी सहा फुटांवरूनही जाईलच! पण नियमाचा हेतूच तो आहे. पेटींतून निघालेली माशी समोर आडोसा दिसला कीं एकदम वर चढते आणि माणसाच्या डोक्यावरून निघून जाते. आडोसा नसेल तर ती कांहीं अंतर छातीच्या उंचीवरून जाते आणि वाटेंत कोणाचें तरी मूल उभें असतें. पाण्याचेंही तसेंच. उन्हाळ्यांत पोळें गार ठेवण्यासाठीं माशांना पुष्कळ पाणी लागतें, आणि तें धन्यानें दिलें नाहीं तर त्या शेजाऱ्याच्या पोहण्याच्या हौदावर जातात. एकदां त्या वाटेची सवय लागली कीं ती मोडणें महाकठीण. ज्यानें हा नियम लिहिला त्यानें माशी पाहिली होती आणि शेजारीही पाहिला होता, हें उघड आहे.

एक नियम मात्र वाचून आम्हीं मनांतल्या मनांत हसलों. एखादी वसाहत विनाकारण अंगावर येऊं लागली तर धन्यानें तिची राणी बदलावी, असें त्यांत म्हटलें होतें. हें शास्त्र खरें आहे. पोळ्यांतल्या सर्व कामकरी माशा राणीच्या कन्या, आणि ऐन हंगामांत कामकरी माशीचें आयुष्य सुमारें सहा आठवड्यांचें. नवी राणी आणली कीं दीड-दोन महिन्यांत जुन्या माशा मरून तिच्या लेकी त्यांची जागा घेतात आणि सबंध वसाहतीचा स्वभाव पालटतो. प्राचार्य बदलल्यानें महाविद्यालयाचा स्वभाव इतक्या थोड्या अवधींत पालटल्याचा अनुभव तीस वर्षांच्या नोकरींत आम्हांस आलेला नाहीं. या नियमामागें एक भय आहे. १९५६ सालीं ब्राझीलमध्यें आफ्रिकेंतून आणलेल्या राण्यांच्या कांहीं वसाहती पुढच्याच वर्षीं निसटल्या, त्यांच्या संकरांतून झालेली तापट जात उत्तरेकडे सरकत सरकत १९९० सालीं टेक्सासमध्यें पोहोंचली, आणि तेव्हांपासून तिकडील अनेक नगरसभांना मधमाशी म्हटली कीं धडकी भरूं लागली.

मधमाशी आणि कायदा यांचें भांडण मात्र याहून फार जुनें आहे. रोमन कायदेपंडितांना या प्राण्यानें पुष्कळ छळलें असलें पाहिजे. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायदेग्रंथांत मधमाशी ही स्वभावतः वन्य मानलेली आहे. तुमच्या झाडावर बसलेलें मोहोळ तुम्हीं पेटींत घालीपर्यंत तुमचें नाहीं. जसे झाडावर घरटें बांधणारे पक्षी तुमचे नाहींत, तसेंच तें. तुमच्या पेटींतून उठलेला थवा जोंपर्यंत तुमच्या दृष्टीच्या टप्प्यांत आहे आणि त्याचा पाठलाग अशक्य झालेला नाहीं तोंपर्यंत तो तुमचा. एकदां दिसेनासा झाला कीं जो धरील त्याचा. आम्हीं कायदा शिकलों नाहीं, पण मालकी हक्काची इतकी सुंदर व्याख्या दुसरी कोठें पाहिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. पुष्कळ बापांचा आपल्या मुलांवरील हक्क याच जातीचा असतो.

अमेरिकेंत तर मधमाशी ही मूळची नव्हेच. युरोपीय वसाहतवाल्यांनीं ती १६२२ सालीं व्हर्जिनियांत गलबतांतून आणली, आणि तेथील मूळचे लोक तिला गोऱ्या माणसाची माशी म्हणत, असें जेफर्सननें नमूद करून ठेवलें आहे. अशा या परकी प्राण्याला पुढें गांवांतून हद्दपार करण्याचे प्रयत्न झाले. आर्कान्सा संस्थानांतील आर्काडेल्फिया नांवाच्या गांवानें हद्दींत मधमाशा ठेवण्यास सरसकट बंदी केली. एका मधपाळानें ती जुमानली नाहीं. प्रकरण संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १८८९ सालीं निकाल मधपाळाच्या बाजूनें लागला. मधमाशा पाळणें ही गोष्ट जात्याच उपद्रव ठरत नाहीं. एखाद्या विशिष्ट ठिकाणीं तिचा उपद्रव होतो कीं नाहीं हें त्या त्या वेळीं पुराव्यानें ठरवावें, असा त्या निकालाचा मथितार्थ. आमच्या मतें पुढच्या सर्व शहाण्या नियमांचें बीज याच निकालांत आहे.

पण शहाणपण सर्वत्र एकदम पसरत नाहीं. लॉस एंजेलिस शहरांत मधमाशा फळांची नासाडी करतात अशा समजुतीनें १८७९ सालीं बंदी आली. वस्तुतः मधमाशीच्या तोंडाला धड फळाची साल फुटत नाहीं. पक्ष्यांनीं किंवा गांधीलमाशांनीं फोडलेल्या फळावर ती रस प्यायला बसते आणि चोर म्हणून सापडते. परसांत पेटी ठेवण्याची मोकळीक त्या शहरानें दिली ती २०१५ सालीं. न्यूयॉर्कचें उदाहरण तर नाटकांत शोभेल असें आहे. तेथील आरोग्यखात्यानें १९९९ सालीं मधमाशीला घरांत ठेवण्यास मना केलेल्या हिंस्र प्राण्यांच्या यादींत, सिंह व मगरी यांच्या पंक्तीस बसविलें. हौशी लोक मग गच्चीवर चोरून पेट्या ठेवीत. २००९ सालीं खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या बागेंत पेटी आली, आणि २०१० च्या मार्चांत न्यूयॉर्कनें बंदी उठवून केवळ नोंदणी व कांहीं साध्या अटी घातल्या. त्याच वर्षीं ब्रुकलिनमधील कांहीं मधपाळांच्या पोळ्यांत लालभडक मध निघाला. चौकशी करतां माशा जवळच्या चेरी मुरविण्याच्या कारखान्यांत जाऊन रंगीत पाक पिऊन येत असल्याचें आढळलें! २०१८ च्या ऑगस्टांत टाइम्स स्क्वेअरमध्यें एका खाद्याच्या गाड्यावरील छत्रीवर हजारों माशांचा थवा येऊन बसला, रहदारी थांबली, आणि पोलिसखात्याच्याच एका माहितगार माणसानें हवा ओढणाऱ्या यंत्रानें त्या माशा जिवंत गोळा करून नेल्या. पोळ्यांतून उठलेला थवा दिसायला भयंकर, पण स्वभावानें फार सौम्य असतो. त्यापाशीं राखण्यास ना घर, ना अंडीं, ना सांठा.

गांवांच्या या लहरींना कंटाळून कांहीं संस्थानांनीं हा अधिकार आपल्याकडेच घेतला. फ्लोरिडानें २०१२ सालीं तसा कायदा केला. मधमाशांसंबंधीं नियम करण्याचा अधिकार तेथें शेतकी खात्याचा, गांवानें त्यांत ढवळाढवळ करावयाची नाहीं. इतरत्र पुष्कळ ठिकाणीं दोन्ही असतात: रोगराईची काळजी संस्थानानें करावी, शेजारधर्माची गांवानें. यांशिवाय एकाच आराखड्याच्या वस्तींतील घरमालकांचे खासगी करार असतात ते निराळेच. त्यांत दाराच्या रंगापासून सर्व कांहीं बांधलेलें असतें आणि माशीला तेथें बहुधा थाराच मिळत नाहीं.

रोगराईचा उल्लेख आम्हीं केला. त्याविषयीं चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण नोंदणी म्हटली कीं आपला मनुष्य लगेच सरकारी जाच समजतो. मधमाशांच्या पिलांना एक कुजवा रोग होतो. त्याच्या जंतूंचीं बीजें रिकाम्या पेटींत चाळीस चाळीस वर्षें जिवंत राहतात, आणि खात्रीचा उपाय म्हणजे पेटी माशांसकट जाळणें. एका परसांत रोग झाला कीं दुबळ्या झालेल्या त्या पोळ्यांतील मध लुटावयास भोंवतालच्या दोन-तीन मैलांतील माशा येतात आणि रोग घरीं घेऊन जातात. या एका गोष्टीमुळें मधपाळ कितीही स्वातंत्र्यप्रिय असला तरी त्याचें परस हें खऱ्या अर्थानें त्याचें एकट्याचें नसतें. म्हणून कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो जिल्ह्यानें १८७७ सालींच पोळीं तपासण्याचा कायदा केला, आणि म्हणूनच बहुतेक संस्थानांत हलत्या चौकटींची पेटी हवी असा दंडक आहे. लँगस्ट्रॉथ नांवाच्या पाद्र्यानें १८५१ सालीं हेरलें कीं दोन पोळ्यांमध्यें सुमारें तीन अष्टमांश इंच जागा सोडली तर माशा ती मेणानें बुजवीत नाहींत, येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. या एवढ्याशा निरीक्षणावर सगळी आधुनिक पेटी उभी आहे. चौकट पुस्तकाच्या पानासारखी उचलावी, पाहावी आणि पुन्हां ठेवावी. तपासनिसाचें काम त्यामुळेंच शक्य झालें.

येथें आपल्या देशाचाही थोडा संबंध येतो, आणि तो अभिमान वाटावा असा नाहीं. आज अमेरिकेंतील माशांचा सर्वांत मोठा शत्रु म्हणजे व्हरोआ नांवाचा तांबूस गोचीड. तो १९८७ सालीं तिकडे प्रथम सांपडला. मूळचा मात्र तो आशियांतील माशीचा, म्हणजे आपल्या सातेरीच्या जातीचा, सोबती. सातेरीनें त्याच्याशीं युगानुयुगें जमवून घेतलें आहे; ती त्याला अंगावरून झाडून काढते आणि तो तिच्यांत बहुधा नरांच्या कोठड्यांतच वाढतो. पाश्चात्य माशीला ही विद्या नव्हती. माणसानें एका देशींच्या माशा दुसऱ्या देशीं नेल्या आणि गोचिडाला नवें घर मिळालें.

असो. दोन पानांच्या निमित्तानें आम्ही इतके दूर आलों. पण ज्या घरांत तें पत्र आलें होतें तेथें प्रश्न इतिहासाचा नव्हता. आमच्या सहा वर्षांच्या नातवाला त्याच्या आदल्या वर्षीं शाळेच्या मैदानांत माशी चावली होती. ओठ सुजले, श्वास लागला, रुग्णवाहिका आली. तेव्हांपासून घरांत अॅड्रिनलिनची तयार सुई ठेवलेली असते, एक शाळेंत असते, आणि कन्येच्या पिशवींत एक असते. म्हणजे डॉक्टरचा दाखला मिळण्यास अडचण कांहींच नव्हती. एक कागद कचेरींत टाकला कीं परवाना थांबला.

शेजारचे गृहस्थ आम्हांस चांगले ठाऊक झाले होते. टपालखात्यांत हयात घालवून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलें दूर. त्यांच्या गाडीखान्यांत स्वतःच्या हातानें केलेल्या दोन पांढऱ्या पेट्या तयार होत्या. लांकडाच्या खांचा इतक्या नेटक्या कीं हात फिरवावासा वाटावा. लहानपणीं वडिलांच्या शेतावर माशा होत्या, त्यानंतर साठ वर्षांनीं आतां पुन्हां, असें ते आम्हांला म्हणाले होते. नातवाची हकीकत त्यांस ठाऊक नव्हती.

घरांत दोन रात्री तोच विषय चालला. आमच्या सौभाग्यवतींचें मत एका वाक्यांत संपलें: "पोराच्या जिवापुढें मध कसला आलाय?" जामाताचें म्हणणें असें कीं हरकत कायद्यानें दिलेली आहे, ती घ्यावी, आणि शेजाऱ्यांस एक गोड पत्र लिहावें. कन्या बराच वेळ बोलली नाहीं. नंतर म्हणाली, "बाबा, तुम्ही ते नियम इतके वाचलेत. दाखला माझ्या हातांत आहे, म्हणून तो वापरलाच पाहिजे का? याला जी चावली ती मधमाशीच होती का, हें तरी आपल्याला कुठें ठाऊक आहे?"

प्रश्न नेमका होता. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचें जें जें उडतें त्याला तिकडील लोकही सरसकट मधमाशी म्हणतात. वास्तविक उन्हाळा सरतां सरतां मुलांच्या सरबतावर घोंघावणारी आणि जमिनींतल्या बिळांत घर करणारी ती पिवळी गांधीलमाशी. मधमाशी माणसाला दंश करते तेव्हां तिची नांगी अडकून तुटते आणि ती मरते. गांधीलमाशी पुनःपुन्हां चावूं शकते. दोघींचें विष निराळें, आणि एकीचें सोसत नाहीं त्याला दुसरीचें सोसत नाहींच असा नियम नाहीं. शाळेंतील त्या दिवशीं नांगी कातडींत राहिली होती कीं नाहीं हें कोणीं पाहिलेंच नव्हतें.

कन्येनें मुलाला तज्ज्ञाकडे नेलें. तपासणींत गांधीलमाशीच्या विषाचा दोष स्पष्ट दिसला, मधमाशीच्या विषाचा दिसला नाहीं. डॉक्टर सावध गृहस्थ; तपासणी म्हणजे हमी नव्हे, सुया घरांत राहूं द्याव्या, असें त्यांनीं बजावून सांगितलें. आमच्या सौभाग्यवतींचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही पुरतें झालें नाहीं. आजोबाला शास्त्र पटतें आणि रात्रीं झोंप लागत नाहीं, या दोन गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. परंतु दाखला जोडावयाचा तर तो मधमाशीविषयीं हवा होता, आणि तसा आतां खरेपणानें देतां येत नव्हता. कन्येनें हरकत घेतली नाहीं. शेजाऱ्यांकडे ती स्वतः गेली आणि त्यांना सर्व सांगितलें. ते गृहस्थ कांहीं वेळ स्तब्ध बसले आणि म्हणाले कीं, तुम्ही नको म्हणाल तर मी उद्यांच अर्ज परत घेतों. तिनें नको म्हटलें नाहीं. पेट्या दहा फुटांऐवजीं परसाच्या पलीकडच्या टोंकाला ठेवाव्या, तोंड रानाकडे असावें, आणि पेटी उघडण्याच्या दिवशीं आधीं निरोप द्यावा, एवढें मागितलें. हें सर्व त्यांनीं अर्जांत आपल्या हातानें लिहिलें.

सुनावणीस आम्हीही गेलों. बोलणाऱ्यास तीन मिनिटें. एका बाईंनीं पोहण्याच्या हौदाविषयीं विचारलें. एका गृहस्थांनीं सध्यां शहरोशहरीं पेट्यांचें पेव फुटलें आहे, त्यामुळें रानमाशांना फुलें पुरत नाहींत, अशी तक्रार केली. आम्हांस हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटला. लंडनमध्यें असाच प्रकार होत असल्याचा इशारा क्यू येथील वनस्पतिउद्यानाच्या २०२० सालच्या अहवालांत दिलेला आहे. माशा वाचवाव्या म्हणून जो तो पेटी ठेवूं लागला, फुलझाडें मात्र कोणी लावीना. सभेनें दोन पेट्यांचा परवाना एक वर्षापुरता दिला. सगळें प्रकरण वीस मिनिटांत आटोपलें, आणि पुढचा विषय गटारांचा निघाला.

परत आल्यावर आमच्या पुण्यांतील इमारतींत एक निराळा प्रसंग घडला. पाण्याच्या टाकीखालीं आग्या माशांनीं पोळें धरलें होतें. आग्या ही पेटींत राहणारी माशी नव्हे. उघड्यावर एकच मोठें पोळें लावून ती कांहीं महिने राहते आणि ऋतु पालटला कीं आपली आपण निघून जाते. ती चिडली तर जिवावर बेततें, हेंही खरें. पण कोणास चावली नव्हती. सोसायटीच्या व्यवस्थापकांनीं औषध फवारणारा बोलावला आणि रात्रीं काम उरकलें. सकाळीं जिन्यावर माशांचा सडा पडला होता. झाडूवाल्यानें तीन पोतीं भरलीं. त्याच्या हाताला दोन मेलेल्या माशांच्या नांग्या लागल्या, तेवढाच दंश. इतिवृत्तांत दीड ओळ आहे: कीटकनियंत्रणाचा खर्च मंजूर. ज्या महाराष्ट्रांत महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें, तेथल्याच एका शहरांतील ही दीड ओळ. पोळें काढावें कीं राहूं द्यावें, रानमधपाळाकडून धूर देऊन हलवितां येईल का, कोणाच्या मुलाला धोका आहे का, यांपैकीं कांहीं कोणीं कोणास विचारलें नाहीं. विचारावयास हवें असा नियमही नव्हता.

एप्रिलांत कन्येचें पत्र आलें. तिकडे मधमाशा टपालानें येतात. जाळीच्या खोक्यांत तीन पौंड, म्हणजे सुमारें दहा हजार माशा, आणि त्यांत निराळ्या पिंजऱ्यांत एक राणी. सकाळीं सहा वाजतां पोस्टांतून फोन आला कीं आपलें पार्सल गुणगुणत आहे, कृपा करून लौकर न्यावें. ज्या खात्यांत ते गृहस्थ चाळीस वर्षें होते त्याच खात्याच्या माणसानें तें खोकें हात लांब धरून त्यांच्या हवालीं केलें. पेट्या भरण्याच्या आधीं ठरल्याप्रमाणें निरोप आला. नातू जाळीच्या दाराआड उभा राहून माशा मोजूं लागला आणि एकशेंचाळीसच्या पुढें त्याचा हिशेब चुकला. पहिल्या वर्षीं मध काढावयाचा नाहीं, हिंवाळ्यासाठीं तो माशांनाच ठेवावयाचा, असें त्या गृहस्थांनीं त्याला सांगितलें आहे. परवान्याचें नूतनीकरण पुढील वर्षीं. त्या वेळीं शेजाऱ्यांस पुन्हां पत्र जाईल.